दिवाळीचा फराळ आणि दोन जिवांचं ताट

(दिवाळीच्या पंधरा दिवस आधी गावात भरलेल्या जोडप्यांच्या सभेत आरोग्यसेविकेने केलेले भाषण)



आज सभेला जोडीनं या, असा निरोप मी मुद्दाम धाडला होता. नुसती बायकांची सभा घेतली की बायका ऐकतात, माना डोलावतात आणि घरी जातात. घरी बाजार करणारा हात वेगळा आणि ताट वाढणारा हात वेगळा. मग ऐकलेलं सभेतच राहतं. म्हणून आज नवरेमंडळी समोर बसली आहेत याचा मला आनंद आहे. मागे खांबाला टेकलेल्या दादांनी जरा पुढं सरकावं. सासूबाईही आल्या आहेत, त्यांचे तर विशेष आभार. लाडवांचा डबा कुणाच्या ताब्यात असतो हे मला ठाऊक आहे.

आपल्याकडं लग्नं उन्हाळ्यात होतात. ज्येष्ठ-आषाढात दिवस गेले की श्रावणात मळमळ, उलट्या. गणपतीपर्यंत अन्नाचा वास नको वाटतो. मग मळमळ ओसरते, भूक उघडते, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात दिवाळी येते. मूल झपाट्यानं वाढायला लागतं तो हाच काळ. आणि घरात सर्वांत जास्त काम, सर्वांत जास्त गोडधोड आणि जेवणाच्या वेळा सर्वांत जास्त मोडलेल्या, तोही हाच काळ. आजचं बोलणं एवढ्याच गोष्टीवर आहे.

माझ्या वहीतल्या दोन बायकांची हकिगत सांगते. नावं सांगणार नाही, गावही सांगणार नाही.

पहिली पाचव्या महिन्यातली. दसऱ्याला वजन केलं तेव्हा ४३ किलो. घर खाऊनपिऊन सुखी, दुभतं जनावर दारात. दिवाळीनंतर पुन्हा काट्यावर उभी केली तर काटा ४३ वरच. महिनाभरात पावशेरही वाढ नाही! मी विचारलं, "बाई, दिवाळीत जेवलीस का नाही?" तर म्हणाली, "सगळा फराळ मीच केला." मी खाण्याचं विचारते आणि ही करण्याचं सांगते. पहाटेपासून सारवण, भाजणी, तळण. तळणाच्या वासानं भूक मेलेली. दुपारी चहाबरोबर दोन शंकरपाळ्या, चिवड्याची मूठ. संध्याकाळी पाहुण्यांची पंगत उठेपर्यंत वरण संपलेलं, भाजी तळाला लागलेली. मग उरलेल्या भाकरीवर चटणी. असे वीस दिवस. तिला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं, छळ तर मुळीच नव्हता. नवऱ्याला विचारलं तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "ती जेवत नाही हे मला माहीतच नव्हतं. मी आधी जेवतो ना!" पुढं तिचं बाळ जन्मलं ते सव्वादोन किलोचं. अडीच किलोच्या आतलं बाळ हे कमी वजनाचं बाळ. त्याला ऊब धरवत नाही, दूध ओढायची ताकद नसते, सर्दी-खोकल्याचं निमित्तही त्याला भारी पडतं. ते बाळ जगलं, पण पहिले दोन महिने त्या घरानं रात्र रात्र जागून काढली.

दुसरी सातव्या महिन्यातली. दिवाळसणाला माहेरी गेली. माहेरी लाड झाले, ते व्हायलाच हवेत. परत आली ती चार किलो वजन वाढवून. सासू खूश, "माहेरचं अंगी लागलं." पण बोटातली अंगठी निघेना, तोंडावर सूज, डोकं सारखं दुखायचं. मी रक्तदाब मोजला तर १४० च्या पुढं. त्याच दिवशी तिला तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं. लाडवांनी तिचा रक्तदाब वाढवला असं मी म्हणत नाही. पण अंगात पाणी साठत होतं आणि सगळ्यांनी त्याला बाळसं समजून समाधान मानलं. माहेरी जाताना तिचं कार्ड सासरीच फडताळात राहिलं होतं, म्हणून तिकडच्या नर्सबाईनंही वजन केलं नाही. वेळेवर पोचली म्हणून आई आणि मूल दोघंही सुखरूप राहिली.

आता तुम्ही विचाराल, मग वजन वाढावं तरी किती? बेताच्या अंगाच्या बाईचं नऊ महिन्यांत ९ ते ११ किलो वाढावं. पहिल्या तीन महिन्यांत फारसं वाढत नाही, मळमळीनं थोडं उतरतंही. चौथ्यापासून महिन्याला साधारण २ किलो, म्हणजे आठवड्याला अर्धा किलो धरा. एका महिन्यात ३ किलोपेक्षा जास्त वाढलं तर दवाखाना. जुळं असेल, रक्तदाब असेल, साखर असेल, ते तपासून घ्यायचं. मुळीच वाढलं नाही तरीही दवाखाना. जी आधीपासून फार किडकिडीत आहे तिचं जास्त वाढायला हवं, जी अंगानं भरलेली आहे तिचं यापेक्षा कमी वाढलं तरी चालतं. किती, ते तिचं कार्ड पाहून डॉक्टर सांगतील. पण भरलेल्या बाईनंही या दिवसांत वजन उतरवायला जेवण सोडायचं नाही.

हे अकरा किलो जातात कुठं, असं एका दादांनी मला विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे. तीनेक किलोचं बाळ. अर्ध्या किलोवर वार. किलोभर पाणमोटीतलं पाणी. गर्भपिशवी स्वतः वाढते तिचं किलोभर. आईच्या अंगात रक्त वाढतं ते किलो-दीड किलो. छाती भरते तिचं अर्धा किलो. आणि उरलेली तीनेक किलो चरबी. ती पुढं अंगावर पाजताना कामी येते. म्हणजे बाळ तीन किलोचं आणि त्याला पोसायची तयारी सात-आठ किलोची.

"मग दोन जिवांची आहे, दुप्पट खाऊ दे," असं आजीबाई म्हणतात. आजी, तुमची माया खरी, पण हिशेब थोडा चुकतो. पोटातला जीव अजून वीतभर आहे, त्याला तुमच्या सुनेएवढी भाकर लागत नाही. रोजच्यापेक्षा सुमारे ३५० कॅलरी जास्त मिळाल्या की पुरे. आपल्या भाषेत, एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण. एवढंच जास्त. पण ते रोज हवं. अमावास्येला आणि पाडव्यालाही हवं.

फराळाचा हिशेब याच मापानं करून पाहा. बेसनाच्या एका मध्यम लाडवात दोनशेच्या आसपास कॅलरी. करंजीत दीडशेच्या आसपास. दोन लाडू आणि एक करंजी, झाल्या साडेपाचशे. पोट भरलं, जेवायची वासना गेली, आणि बाळाला लागणारं लोह, चुना, प्रथिनं हवी तेवढी मिळालीच नाहीत. तूप-साखरेनं आईचं अंग वाढेल, बाळाचं रक्त वाढणार नाही. मी लाडू खाऊ नका म्हणत नाही. वर्षाचा सण आहे, आणि डोहाळे लागलेल्या बाईला लाडू नाकारायला मी कोण? एक लाडू जेवण झाल्यावर खावा, जेवणाच्या जागी नको.

सगळा फराळ एका मापानं मोजू नका हेही सांगते. भाजणीत डाळी असतात. चिवड्यात शेंगदाणे, डाळं असतं. तिळाच्या, शेंगदाण्याच्या लाडवात कस आहे. पुरणपोळीला तर मी नावं ठेवणारच नाही, हरभऱ्याची डाळ आहे ती, वर दूध घ्या. सर्वांत निकस म्हणजे मैदा, साखर आणि तेल. म्हणजे शंकरपाळी, बाजारची मिठाई, वनस्पती तुपात तळलेले पदार्थ. आणि दिवाळीच्या गर्दीतला बाजारचा खवा गरोदर बाईला देऊच नका. शिळा किंवा भेसळीचा निघाला तर जुलाब-उलट्यांनी आईच आडवी होते.

याच दिवसांत शेतात आणि परसात काय नाही? मेथी, शेपू, राजगिरा, अंबाडी, चाकवत. शेवग्याचा पाला तर फुकट. मटकी, हुलगे, चवळी भिजवून मोड आणा. सीताफळ आलेलं असतं, पेरू येऊ घातलेला असतो, पुढं आवळा. कोकणातल्या आणि मावळातल्या घरी नाचणी आहे. चालत असेल त्यांनी अंडी, सुकट, बोंबील खावे. दारात गाय-म्हैस असताना सगळं दूध डेअरीला घालून सुनेला कोरा चहा देणारी घरं मी पाहिली आहेत. दूध विकू नका म्हणत नाही, पण मापातून पेलाभर तिच्यासाठी आधी काढून ठेवा, मग कॅन भरा.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो गरोदर बायकांचा अभ्यास केला. आपल्यासारखीच शेतकरी घरं. तिथं असं दिसलं, की ज्या बायका दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं वरचेवर खात होत्या त्यांची बाळं जन्मताना जास्त भरलेली होती. नुसतं पोट किती भरलं यापेक्षा ताटात काय होतं याला तिथं मोल दिसलं. आणखी एक दिसलं. ज्यांच्यावर शेतातल्या आणि घरातल्या कष्टाचा बोजा जास्त, त्यांची बाळं लहान.

म्हणून दादांनो, आता तुमच्याकडं वळते. दिवाळी म्हणजे बाजरी-सोयाबीनच्या मळणीचे, कापूस वेचणीचे, ज्वारीच्या पेरणीचे दिवस. वरून घरचं सारवण आणि फराळ. पाणी आणायला विहीर लांब. यातलं काय काय तुम्ही उचलाल ते आज घरी गेल्यावर ठरवा. हंडा उचलायला पुरुषाची मान झिजत नाही. फराळ चार पदार्थांचा केला, आठांचा नाही केला, तर लक्ष्मी रागावत नाही. दुपारी जेवणानंतर दोन तास तिला आडवं होऊ द्या. चुलीपुढं धुरात तासन् तास तळण तिच्याकडून करून घेऊ नका.

आणि पंगतीचं सांगते. ती सर्वांच्या मागून जेवते, ही आपली जुनी रीत. तुमच्याबरोबर बसवायला संकोच वाटत असेल तर एक साधा उपाय आहे. वाढायला घेण्याआधी तिचं ताट वाढून झाकून ठेवा. भाकरी, वरण, भाजी, वाटीभर उसळ, लिंबाची फोड. ते सासूबाईंनी ठेवलं तर फारच उत्तम, कारण मग त्याला कुणी हात लावणार नाही. शेजारच्या गावात एका सासूबाईंनी हे सुरू केलं तेव्हा बायका हसल्या. पुढच्या वर्षी त्याच बायकांच्या घरी झाकलेली ताटं दिसायला लागली.

आता उपवास. श्रावण, हरतालिका, नवरात्र होऊन गेलं. दिवाळीनंतर कार्तिकी एकादशी आहे. गरोदर, लेकुरवाळी आणि आजारी बाईला उपवासाची सूट आपल्या जुन्या बायकाही देत आल्या. निर्जळी उपवास तर मुळीच नको. मन मानतच नसेल तर साबुदाण्यावर दिवस काढू नका, साबुदाणा म्हणजे नुसतं पीठ. दूध, ताक, राजगिरा, शेंगदाणे, फळं घ्या, आणि दर दोन-तीन तासांनी घ्या.

एक भीती मात्र अजून पुष्कळ घरांत आहे, म्हणून उघड बोलते. "जास्त खाल्लं तर मूल मोठं होईल आणि बाळंतपण अडेल." या भीतीपोटी सातव्या महिन्यानंतर मुद्दाम ताटातली भाकर कमी करतात. बायांनो, बाळंतपण अडतं ते आईची कंबर लहान असल्यानं, मूल आडवं असल्यानं, कोवळ्या वयात दिवस गेल्यानं. मापात खाणाऱ्या आईचं मूल मोठं होऊन अडेल म्हणून तिला अर्धपोटी ठेवणं चुकीचं आहे. अर्धपोटी आईचं रक्त कमी होतं, आणि बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी ती दगावू शकते. फार मोठं मूल होतं ते बहुतेक वेळा आईच्या रक्तात साखर वाढल्यानं. त्यासाठी तपासणी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त पाहतात. आकडा १४० किंवा त्यावर आला तर गोड बंद आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पथ्य, औषध. ही तपासणी नाव नोंदवताना एकदा आणि सहाव्या-सातव्या महिन्यात पुन्हा. ज्यांची राहिली आहे त्यांनी दिवाळीआधी करून घ्या.

रक्ताचंही सांगून टाकते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या सरकारी पाहणीत आपल्या राज्यातल्या जवळजवळ निम्म्या गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची लाल गोळी, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. दिवाळीत काय होतं, की सकाळी फराळ, फराळाबरोबर चहा आणि चहाबरोबर गोळी. चहा त्या गोळीतलं लोह अंगी लागू देत नाही. गोळी आणि चहा यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबू-पाण्याबरोबर घेतली तर चांगली लागते. चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नका, वेगळ्या वेळी घ्या. गोळीनं शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळ्या गोठ्यात टाकू नका. मला त्या सापडतात!

मिशेरी लावणाऱ्यांनी मान खाली घालू नका, मी कुणाकडं पाहत नाही. पण तंबाखूनं भूक मरते आणि बाळाचं वजन घटतं. सोडा. या नऊ महिन्यांत सुटली तर पुढंही सुटेल.

आता दिवाळसण. माहेरी जाताना लुगडं विसरलं तर आई दुसरं देईल. कार्ड विसरलं तर दुसरं नाही. कार्ड आणि लाल गोळ्या पिशवीत सर्वांत आधी घाला. हे काम नवऱ्याचं, मी नवऱ्यालाच विचारणार आहे. माहेरच्या अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात जाऊन वजन आणि रक्तदाब करून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायकांची तपासणी करतात, २०१६ पासून हे चालू आहे. त्या दिवशी जिथं असाल तिथं जा. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, तोंडा-हातांवर सूज, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर लक्ष्मीपूजन असो की भाऊबीज, थांबू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करा.

कोयता घेऊन कारखान्यावर निघणाऱ्या जोडप्यांना वेगळं सांगते. तुम्ही निघाल की मला सहा महिने दिसत नाही. निघण्याआधी माझ्याकडून गोळ्या जास्त घेऊन जा, आणि तळावर पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथल्या आशाताईला कार्ड दाखवा. मोळी तिच्या डोक्यावर देऊ नका. उचल घेतली आहे, फड थांबत नाही, हे मला कळतं. पण मोळी दुसऱ्या कुणाला उचलता येईल, मूल दुसऱ्या कुणाच्या पोटात ठेवता येणार नाही.

शेवटी तुम्हा दोघांशी एक बोलते. मघाशी सांगितलं, की आई आपल्या अंगातलं लोह, चुना, चरबी देऊन बाळ घडवते. बाळंतपणानंतर ते भरून यायला वेळ लागतो, आणि दीड-दोन वर्षं पाजण्यात ते आणखी खर्च होत असतं. भरून येण्याआधी पुन्हा दिवस गेले तर दुसरं बाळ रिकाम्या कणगीतून धान्य मागतं. म्हणून बाळंतपणानंतर किमान दोन वर्षं पुन्हा दिवस राहू देऊ नका, दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर पडू द्या. तांबी आहे, ती दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर लगेचही बसवता येते. निरोध आहे, छाया गोळ्या आहेत, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे. कुठलं तुमच्यासाठी योग्य ते दोघं मिळून माझ्याकडं येऊन विचारा. गावात बोलायची लाज वाटली तर उपकेंद्रावर या, दार लावून बोलू.

बराच वेळ घेतला. वजनकाटा अंगणवाडीच्या ओट्यावर ठेवला आहे. गरोदर भगिनींनी चपला काढून एकेक करून या. कार्ड नवऱ्याच्या हातात द्या, आकडा मी मोठ्यानं सांगेन आणि त्यानं तो वाचून दाखवायचा. दिवाळीनंतर भाऊबीजेच्या पुढच्या आठवड्यात याच ओट्यावर मी पुन्हा बसणार आहे.